मॉल्डनची लढाई टेबलावर

दोन फूट लांब, दोन फूट रुंद पाट. त्यावर हिरवं कापड, कापडावर निळी खाडी आणि खाडी ओलांडणारी एक अरुंद वाट. वाटेच्या एका टोकाला, बेटावर, गोल ढाली घेतलेले व्हायकिंग दर्यावर्दी. दुसऱ्या टोकाला इंग्लंडमधल्या एसेक्स प्रांताचा फौजफाटा. प्रत्येक शिपाई जेमतेम १५ मिलिमीटर उंच, कथलाच्या मिश्रधातूत ओतलेला आणि हाताने रंगवलेला. कडेला फासे आणि एक मोजपट्टी. समोरासमोर बसलेले दोन खेळाडू पुढचा तासभर इसवी सन ९९१ च्या ऑगस्टमध्ये मॉल्डन गावाजवळ झालेली लढाई पुन्हा लढणार आहेत. निकाल तोच लागेल असं नाही, आणि तो का बदलला हे शोधण्यातच या खेळाची सगळी गोडी आहे.

याला मिनिएचर वॉरगेम म्हणतात. बुद्धिबळ खेळणाऱ्याला तो परका वाटू नये, कारण दोघांचं कूळ एकच. भारतातलं चतुरंग इराणमार्गे युरोपात पोचलं आणि १७८० मध्ये ब्राउनश्वाइगच्या योहान हेलविग याने त्या पटाची घरं वाढवून, त्यावर डोंगर, नद्या आणि दलदल मांडून लष्करी शिक्षणाचा खेळ तयार केला. पुढे १८२४ मध्ये राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने घरांऐवजी लष्करी नकाशा वापरला, चकमकींचा निकाल फाशांवर सोपवला आणि वाद मिटवायला पंच बसवला. प्रशियाच्या लष्कराने तो खेळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात घेतला. घराघरांत त्याला नेलं ते कादंबरीकार एच. जी. वेल्स याने. १९१३ च्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकात त्याने खेळण्यातले शिपाई आणि स्प्रिंगची तोफ घेऊन जमिनीवर लढाया मांडल्या. खऱ्या युद्धाचा तो विरोधक होता आणि पुस्तकात त्याने तसं स्पष्ट लिहिलंही. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

मॉल्डनकडे वळू. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या बखरीच्या एका प्रतीत ओलाफ नावाच्या पुढाऱ्याबरोबर ९३ जहाजं आल्याची नोंद आहे. फोकस्टन, सँडविच, इप्सविच अशी किनारपट्टी लुटत हे आरमार ब्लॅकवॉटर नदीच्या खाडीत शिरलं. तिथे नॉर्दी नावाचं बेट आहे. व्हायकिंगांचा तळ तिथेच होता असं बहुतेक अभ्यासक मानतात. ओहोटीला बेटाकडे चालत जाता येतं, भरती आली की वाट पाण्याखाली जाते. ओहोटीची वेळ गाठून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात गेलेल्यांना ही जागा लगेच डोळ्यांपुढे येईल. किनाऱ्यावर एसेक्सचा प्रांताधिकारी बिर्तनॉथ फौज घेऊन उभा होता. ९५६ पासून तो त्या पदावर होता. केस पांढरे झालेला, राजा एथेलरेडच्या दरबारातला वजनदार माणूस.

पुढचा वृत्तांत एका जुन्या इंग्रजी काव्यातून कळतो. त्याच्या ३२५ ओळी उरल्या आहेत, सुरुवात आणि शेवट हरवले आहेत. मूळ हस्तलिखित १७३१ च्या आगीत जळालं. सुदैवाने त्याआधीच कुणीतरी नक्कल करून ठेवली होती आणि ती १७२६ मध्ये छापलीही गेली होती. काव्य सांगतं की व्हायकिंगांनी सोनं मागितलं आणि ते दिलंत तर आम्ही परत जाऊ असा निरोप दिला. बिर्तनॉथने भाल्यांची खंडणी देऊ असं उलट सुनावलं. भरती होती म्हणून दोन्ही फौजा नुसत्या बघत उभ्या राहिल्या. पाणी उतरल्यावर वुल्फस्टन, एल्फहेरे आणि मॅकस या तिघांनी ती अरुंद वाट रोखून धरली. मग व्हायकिंगांनी विनंती केली: आम्हाला पलीकडे येऊ द्या, मोकळ्या जमिनीवर लढू. आणि बिर्तनॉथने त्यांना येऊ दिलं.

तो मारला गेला, फौज मोडली. त्याच वर्षी इंग्लंडने १०,००० पौंड खंडणी दिली. ९९४ मध्ये आकडा १६,००० वर गेला, १०१२ मध्ये ४८,००० वर. १०१६ मध्ये तर डेन्मार्कचा क्नूट इंग्लंडच्या गादीवरच बसला.

वाट सोडण्याचा हा निर्णय आजही चर्चेत आहे. काव्याचा कर्ता त्याला बिर्तनॉथचा अतिआत्मविश्वास म्हणतो. वाचताना आपणही मान हलवतो आणि पान उलटतो. टेबलावर पान उलटता येत नाही. तिथे एसेक्सच्या बाजूने बसलेला खेळाडू ती अरुंद वाट बघतो आणि त्याच्या मनात पहिला विचार येतो तो हाच: मी कशाला सोडू? त्याला सोडायला लावेल असा नियम लिहिता आला नाही, तर लढाई होतच नाही. वॉरगेमचा प्रत्येक नियम म्हणजे इतिहासाबद्दल केलेलं एक विधान असतं. ते चुकीचं असेल तर खेळ लगेच चुगली करतो.

आधी साधे नियम पाहू. प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांसाठी फिल बार्कर आणि रिचर्ड बॉडली स्कॉट यांनी १९९० मध्ये एक छोटी नियमावली काढली. तिचं नाव 'डी बेलिस अँटिक्विटाटिस', खेळाडूंच्या तोंडी डीबीए. पुढच्या आवृत्त्यांत तपशील बदलले, पण गाभा कायम राहिला. प्रत्येक फौजेत नेमक्या १२ तुकड्या. १५ मिलिमीटरच्या शिपायांसाठी प्रत्येक तुकडीची पट्टी ४० मिलिमीटर रुंद. तिच्यावर तीन-चार पुतळे चिकटवलेले, पण अर्थ शेकडो माणसांचा. आपली पाळी आली की एक फासा टाकायचा. जो आकडा पडेल तेवढ्याच हालचाली. एका ओळीत, खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या तुकड्या मिळून एका हालचालीत पुढे सरकतात. ओळ तुटली की प्रत्येक सुट्या गटाला वेगळी हालचाल खर्च करावी लागते. फाशावर एक पडला आणि ओळ फुटून चार गट झाले असतील, तर तीन गटांतली माणसं नुसती उभी राहतात.

हे एवढंच कलम बघा. त्या काळात सेनापतीचा आवाज पोचेल तेवढाच त्याचा हुकूम. बिनतारी यंत्र नाही, नकाशा नाही, धुरळ्यात आणि आरडाओरड्यात पन्नास पावलांपलीकडचं कळत नाही. म्हणून ढालीला ढाल लावून भिंत करायची आणि ती मोडू द्यायची नाही, हीच त्या लढाईची सगळी विद्या. डीबीए ते शिकवत बसत नाही, ओळ मोडणाऱ्याला फक्त लंगडं करून सोडतं. चार डाव खेळल्यावर ढालींची भिंत का टिकवायची हे हाताला कळलेलं असतं.

दोन तुकड्या भिडल्या की प्रत्येकीचा ठरलेला आकडा आणि फासा यांची बेरीज होते. या फौजांत एसेक्सचे लोक बहुतेक भालाईत, पायदळाशी लढताना त्यांचा आकडा ४. व्हायकिंग बहुतेक तलवार-कुऱ्हाडवाले, त्यांचा ५. समजा भालाइतांना ३ पडले आणि व्हायकिंगांना ५. सात विरुद्ध दहा. भालाईत एक पट्टी मागे रेटले जातात. पण भालाइतांना १ आणि व्हायकिंगांना ६ पडले, तर पाच विरुद्ध अकरा. हरणाऱ्याची बेरीज निम्म्याच्या आत आली, तुकडी पाटावरून उचलायची. भालाइतांच्या मागे दुसरी रांग उभी असेल तर त्यांना एकाची भर मिळते, म्हणजे दोघांचा आकडा सारखा होतो. शेजारची जागा रिकामी पडून शत्रू तिथे घुसला की एक वजा. चार तुकड्या गमावल्या, किंवा सेनापतीची तुकडी गेली, आणि आपलं नुकसान समोरच्यापेक्षा जास्त असेल, तर डाव संपला.

आता वाट एका तुकडीच्या रुंदीची ठेवा. व्हायकिंगांच्या १२ तुकड्या असोत की २०, तोंडावर एकच लढणार, बाकीच्या मागे रांगेत. दोन रांगांत उभे राहिलेले भालाईत ती वाट पुष्कळ वेळ धरून ठेवतात. वुल्फस्टन आणि त्याच्या दोन सोबत्यांची गोष्ट कवीची अतिशयोक्ती वाटत असेल, तर हा भाग एकदा खेळून बघावा. म्हणजे लष्करी हिशोबाने वाट सोडणं वेडेपणाच.

मग बिर्तनॉथ वेडा होता का? मला तसं वाटत नाही, आणि याचं उत्तर पाटावर नसून पाटाबाहेर आहे. व्हायकिंगांकडे जहाजं होती. फोकस्टन, सँडविच, इप्सविच ही यादी पुन्हा वाचा: जिथे विरोध कमी तिथे उतरायचं, लुटायचं, पुढे जायचं. वाट अडवून धरली असती तर ते पुढच्या भरतीला शिडं उभारून दुसऱ्या खाडीत गेले असते, आणि पायी चालणारी फौज त्यांच्यामागे किनाऱ्याने धावत राहिली असती. जमा झालेले शेतकरी शिपाई फार दिवस थांबवता येत नाहीत. ऑगस्ट म्हणजे तिकडे कापणीचा हंगाम. आरमार समोर आहे, जमिनीवर आहे आणि आपली फौज जमलेली आहे, असा दिवस पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती. अनेक इतिहासकारांनी असाच युक्तिवाद केला आहे. म्हणून हा डाव मांडताना नियम असा करावा: एसेक्सच्या खेळाडूने वाट सोडली नाही, तर लढाई होत नाही आणि व्हायकिंग जिंकतात, कारण पुढचं गाव लुटलं जातं. वाट सोडली, तर किती तुकड्या पलीकडे येऊ द्यायच्या हे त्याने ठरवावं. निम्मे आले की तुटून पडायचं, की सगळे येऊ द्यायचे? इथे खरी घालमेल सुरू होते. लवकर तुटून पडलात तर उरलेले निम्मे जहाजांकडे पळतात. उशीर केलात तर बिर्तनॉथची गत.

अशा रीतीने खेळ हे संशोधनाचं साधनही होऊ शकतं. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये तेव्हा प्राध्यापक असलेले फिलिप सॅबिन यांनी २००७ च्या 'लॉस्ट बॅटल्स' या पुस्तकात प्राचीन लढायांसाठी एकच नियमावली तयार केली आणि ती पुष्कळ लढायांना लावून पाहिली. अनेक ठिकाणी विश्वासार्ह निकाल देणारे नियम एखाद्या वादग्रस्त लढाईबद्दलही काही सांगू शकतात, ही त्यामागची दृष्टी. त्याने पुरावा तयार होत नाही. कुठलं स्पष्टीकरण उभं राहतं आणि कुठलं कोसळतं, एवढं मात्र दिसतं.

डीबीएमध्ये शिपाई म्हणजे आकडा. माणसं दिसावीत अशी इच्छा असेल तर दुसऱ्या पद्धतीचे खेळ आहेत, आणि त्यात 'सागा' बराच लोकप्रिय. फ्रान्समधल्या स्टुडिओ टोमाहॉकने तो २०११ मध्ये काढला. इथे पुतळे २८ मिलिमीटरचे, दोन्हीकडे मिळून शंभराच्या आसपास, आणि एक पुतळा म्हणजे एक माणूस. एका गुणाला चार निवडक घरचे शिपाई, किंवा आठ साधे योद्धे, किंवा बारा गावचे जमवलेले लोक, सरदार फुकट. खरी मजा प्रत्येक फौजेच्या स्वतंत्र तक्त्यात आहे. फासे टाकायचे, त्यावरची चिन्हं तक्त्यातल्या घरांवर ठेवायची आणि त्या घरातली करामत वापरायची. अँग्लो-सॅक्सनांच्या करामती मोठ्या तुकड्यांना फळतात, म्हणून तो खेळाडू आपोआप माणसं एकत्र ठेवतो. व्हायकिंगांच्या तक्त्यावर वल्हाल्ला, म्हणजे रणात पडलेल्या वीरांचा स्वर्ग, या नावाचं घर आहे: आपलेच काही शिपाई बळी द्या आणि त्या बदल्यात हल्ल्याचे जास्त फासे घ्या. खेळताना अंगावर काटा येतो. पण इतिहास म्हणून मला हे पटत नाही. व्हायकिंग हे व्यापारी हिशोबाचे लुटारू होते. मॉल्डनलाही त्यांनी आधी पैसेच मागितले होते. मरणाला हपापलेला योद्धा ही प्रतिमा बरीचशी नंतरच्या साहित्याची. सागाचा थकव्याचा नियम मात्र फार खरा आहे. लढलेल्या किंवा फार पळवलेल्या तुकडीशेजारी थकव्याच्या खुणा ठेवतात आणि त्या खुणा समोरचा खेळाडू तुमच्याविरुद्ध वापरतो. चिलखत घालून, जड ढाल घेऊन माणूस किती वेळ लढू शकतो याची जाणीव इतक्या साधेपणाने दुसऱ्या कुठल्या खेळाने दिलेली मी पाहिली नाही.

पुतळे रंगवणं हा या छंदाचा निम्मा भाग आहे, आणि तिथेही इतिहास लागतोच. पहिली गोष्ट, शिंगांचं शिरस्त्राण विसरायचं. व्हायकिंग शिपाई तसं काही घालत असल्याचा पुरावा नाही. ती शिंगं १८७६ मध्ये वाग्नरच्या ऑपेरासाठी केलेल्या पोशाखांमुळे लोकांच्या मनात बसली. नॉर्वेतल्या गेर्मुंडबू इथे १९४३ मध्ये सापडलेलं शिरस्त्राण बघावं: गोल टोप आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी लोखंडी पट्टी. ढालींसाठी गोकस्टाडचं जहाज आहे. १८८० मध्ये ते उत्खननात मिळालं तेव्हा त्याच्यावर ६४ ढाली होत्या, आळीपाळीने पिवळ्या आणि काळ्या. कपड्यांचे रंग झाडापाल्याचे: मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांचा लाल, वेल्ड या रोपाचा पिवळा आणि वोडच्या पानांचा निळा. वोडच्या पानांतलं रंगद्रव्य आणि आपल्या निळीतलं रंगद्रव्य एकच आहे, फक्त त्यांच्या रोपात ते कमी निघतं. साध्या शिपायाला फिकट, विटका रंग द्यावा. गडद लाल सरदारासाठी राखून ठेवावा. लोखंडी कड्यांचं चिलखतही थोड्यांनाच, कारण ते अतिशय महाग होतं. भाला मात्र प्रत्येकाच्या हातात. चित्रपटांत तलवारीच तलवारी दिसतात. प्रत्यक्षात त्या काळचं मुख्य हत्यार भाला होता.

बिर्तनॉथचा पुतळा करायचा तर तो उंच करावा. त्याला ईलीच्या मठात पुरलं. ईलीच्या बखरीप्रमाणे शत्रूने त्याचं शिर नेलं होतं, म्हणून साधूंनी धडावर मेणाचा गोळा ठेवला. १७६९ मध्ये हाडं तपासली तेव्हा डोकं नव्हतंच, आणि मोजमापावरून उंची सहा फूट नऊ इंच ठरवली गेली. त्याच्या पत्नीने, एल्फ्लॅडने, त्याच्या पराक्रमाचं चित्रवस्त्र मठाला दिलं होतं. ते वस्त्र आज उरलेलं नाही. ते असतं तर मॉल्डनचे पुतळे रंगवणाऱ्यांचे निम्मे प्रश्न सुटले असते.

लढाईचा शेवट मांडणं सगळ्यांत अवघड. बिर्तनॉथ पडला तेव्हा गॉड्रिक नावाचा त्याचा माणूस पळाला, तोही बिर्तनॉथच्याच घोड्यावरून. सरदाराचा घोडा आणि त्याचा साज सगळ्यांच्या ओळखीचा. लांबच्यांना वाटलं सरदारच निघाला, आणि भिंत फुटली. डीबीएच्या हिशोबाने सेनापती गेला की डाव आटोपतो, म्हणजे गॉड्रिकपर्यंत नियम बरोबर आहे. पण काव्याचा उरलेला मोठा भाग आहे तो न पळालेल्यांचा. सरदाराच्या घरचं मीठ खाल्लेले लोक एकेक करून नावानिशी बोलतात, पुढे होतात आणि मरतात. एका धन्याच्या मृत्यूने अर्धी फौज पळते आणि उरलेली आधीपेक्षा त्वेषाने लढते, हे एकाच नियमात बसत नाही. माझ्या मते इथे दोन नियम हवेत. सेनापती पडला की गावच्या शिबंदीने तुकडीगणिक फासा टाकावा, तीन किंवा कमी पडले तर ती पाट सोडून जाईल. घरच्या शिपायांनी फासा टाकू नये; त्यांच्या आकड्यात एक मिळवावा आणि शेवटच्या तुकडीपर्यंत त्यांना लढू द्यावं. ते हरतातच. तरीही त्या शेवटच्या दोन-तीन पाळ्या खेळताना काव्याचा उत्तरार्ध का लिहिला गेला हे समजतं.

या छंदाला महागडे पुतळे लागतातच असं नाही. पुठ्ठ्याच्या ४० मिलिमीटर रुंद पट्ट्या कापाव्यात, दोन्हीकडे बारा-बारा; त्यावर 'भालाईत', 'कुऱ्हाडवाले', 'सेनापती' असं लिहावं, दोन फासे घ्यावेत आणि सुरुवात करावी. शाळेत इतिहास शिकवणाऱ्यांनी तर हे जरूर करून बघावं.

आणि मॉल्डन खेळून झाल्यावर आपल्याकडची एक लढाई मांडावी. बिर्तनॉथनंतर चार-पाच वर्षांतच, ९९५ च्या आसपास, माळव्याचा परमार राजा मुंज दख्खनवर चालून आला. गोदावरी ओलांडू नका असं त्याचा मंत्री रुद्रादित्य याने बजावलं होतं, असं मेरुतुंगाचा 'प्रबंधचिंतामणि' सांगतो. मुंजाने ती ओलांडली, आणि कल्याणीच्या चालुक्य तैलपाने त्याला पकडून ठार केलं. तिकडे नदी ओलांडू देणारा मेला, इकडे ओलांडणारा. डीबीएच्या फौजांच्या यादीत भारतीय सैन्यं आहेत, हत्तींना स्वतंत्र आकडे आहेत, आणि गोदावरीचं पात्र तर आपल्या पायाखालचं आहे. तैलप आणि मुंज यांचा डाव मराठी खेळाडूंनी मांडायला घ्यावा.